परत घेतलेला आवाज

शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बरीच वर्षं सगळे मला प्रोफेसर समजत. सकाळी युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये चढायचे, संध्याकाळी उतरायचे, खांद्याला जड बॅग आणि डोळ्यांवर चष्मा, एवढं पुरायचं. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारायचं, "मॅडम, तुमचा सब्जेक्ट कोणता?" मी म्हणायचे, "आवाज." मग ते म्हणायचे, "अच्छा, म्युझिक!" आणि तेवढ्यात आमचा मजला यायचा.

खरं म्हणजे मी आयुष्यात एकही लेक्चर दिलं नाही. शारजातल्याच एका युनिव्हर्सिटीच्या ऑडिओ लॅबमध्ये मी नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाले. विद्यार्थी रिसर्चसाठी माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करून आणत. कुणी टॅक्सी ड्रायव्हरांच्या, कुणी मासेमारांच्या, कुणी घरकाम करणाऱ्या बायकांच्या. त्या रेकॉर्डिंगमधला एसी, रस्ता, फ्रीज आणि शेजारचा टीव्ही बाजूला काढायचा आणि माणूस वर आणायचा, हे माझं काम. माझ्या मुलाला ते कधी पटलं नाही. "मॉम, इट्स जस्ट नॉइज," असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, "हो रे, त्या नॉइजमधूनच तुझी फी जाते."

लॅब तळमजल्यावर होती, लायब्ररीच्या मागे. खिडकी नव्हती. भिंतींना करड्या रंगाचा खडबडीत फोम आणि दार इतकं जाड, की ते लागलं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. बाहेर ऊन पेटलेलं असो, पहाटेचं धुकं असो की वाळूचं वादळ, आत कायम एकच ऋतू. मध्ये मोठी काच. काचेपलीकडे बोलणाऱ्याची खुर्ची आणि माइक, अलीकडे मी.

बाहेरच्यांना सांगून गंमत वाटेल अशी एक गोष्ट या धंद्यात आहे. मुलाखत सुरू होण्याआधी आम्ही रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करतो. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. मग कॉम्प्युटरला सांगायचं, हे जे ऐकलंस ना, ते इथलं गप्प बसणं; हे वजा कर. स्क्रीनवर आवाज चित्रासारखा दिसतो. एसीची घरघर खाली सरळ पट्टी होऊन पसरलेली असते, समुद्रावरून दिसणाऱ्या क्षितिजासारखी. माणसाचा आवाज त्याच्यावर ढगांसारखा सरकत असतो. तासन् तास ते ढग बघताना मला खूपदा वाटायचं की मी झोपेत आहे आणि कुणीतरी माझ्याशी खूप जवळून बोलतंय.

त्या खोलीत मी पुष्कळ लोकांना ऐकलं. पण रिटायर झाल्यावरही मनात ज्यांचे आवाज चालू राहिले, ते मॉर्मनांवर रिसर्च करणाऱ्या मुलांनी आणलेले होते.

मॉर्मन हा शब्द मीही तोवर फक्त हॉलिवूडच्या सिनेमात ऐकला होता. अमेरिकेत दोनेकशे वर्षांपूर्वी सुरू झालेला हा एक ख्रिस्ती पंथ. छळ झाला म्हणून ते लोक पश्चिमेकडे चालत गेले आणि एका खारट सरोवराजवळच्या कोरड्या मुलखात वसले. आमच्या युनिव्हर्सिटीत गल्फमधल्या स्थलांतरितांच्या धर्मजीवनावर एक कोर्स होता. कॅनडाहून आलेल्या एक गाईड मॅडम तो चालवायच्या. पहिल्याच लेक्चरला त्या सांगत, धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माबद्दल शिकणं वेगळं; आपण दुसरं करतो. तिथे दोन मुलांनी मॉर्मन हा विषय घेतला.

पहिला डॅनियल. तो स्वतः मॉर्मन होता, अमेरिकेतून एका सेमिस्टरसाठी आलेला. उंच, गुलाबी, अतिशय अदबशीर. पहिल्या दिवशी मी त्याला चहा विचारला, नको म्हणाला. कॉफी विचारली, तीही नको. मला वाटलं, माझ्या हातचं चालत नसेल. तोंड पाडून बसले. मग त्यालाच वाईट वाटलं. "मॅम, आमच्यात चहा-कॉफी घेत नाहीत," असं त्याने सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी कोकम सरबत नेलं. तो दोन ग्लास प्यायला आणि त्याने विचारलं, "हे कुठल्या फळाचं?" कोकमाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही.

तो इथल्या त्यांच्या प्रार्थनासभेतली गाणी रेकॉर्ड करून आणायचा. तेव्हा यूएईत सुट्टी शुक्रवारची असायची, म्हणून इथले मॉर्मन रविवारऐवजी शुक्रवारी जमत. फिलिपिनो नर्सेस, आंध्रातली कुटुंबं, आफ्रिकेतले मेकॅनिक, अमेरिकन इंजिनियर, सगळे एका सुरात, म्हणजे आपापल्या सुरात, गात. एका गाण्याच्या मधोमध एक बाळ भोकाड पसरून रडत होतं. डॅनियल म्हणाला, "हे काढता येईल?" मी दोन दिवस घालून ते रडणं असं सफाईने उचललं की मलाच माझं कौतुक वाटलं. त्याने हेडफोन लावून ऐकलं आणि तो काढून ठेवला. मग हळूच म्हणाला, "सॉरी मॅम, पण बाळाला परत ठेवता येईल का? त्याच्याशिवाय हे अमेरिकेतलं वाटतं."

दुसरी शिफा. शिफा परकार. मूळ रत्नागिरीकडची, जन्म इथला. वडिलांची हमरिया फ्री झोनमध्ये प्लास्टिकच्या पाइपांची ट्रेडिंग कंपनी. राहायची आमच्याच अल मजाजमध्ये, दोन बिल्डिंग सोडून. माझ्याशी मराठी बोलायची, पण भावना दाटल्या की इंग्लिशवर जायची. तिच्या एम.ए.च्या थिसिसचा विषय होता गल्फमध्ये नोकरीला आलेल्या मॉर्मन बायका.

तिच्या वडिलांनी एकदा मला आमच्या बिल्डिंगखाली गाठलं. "वहिनी, तुम्हीच समजवा. आमच्या घरात पाच वेळची नमाज. पोरीला म्हटलं मार्केटिंग कर, फायनान्स कर. ती म्हणते मॉर्मन! आता तिचं लग्न जमवताना लोकांना काय सांगू, मुलगी कसली शिकलेली आहे?"

शिफाला मी ते सांगितलं तर ती हसली. "आंटी, लहानपणी आमच्या मजल्यावर एक फिलिपिनो फॅमिली होती. ते महिन्यातून एक दिवस रोजा करायचे. पाणीसुद्धा नाही. मला वाटायचं आपणच करतो. लिफ्टमध्ये ती आंटी मला म्हणाली, टुडे आय ॲम हंग्री लाइक यू. तेव्हापासून डोक्यात आहे, हे कोण लोक?"

तिने बऱ्याच बायका शोधल्या. त्यांतली सगळ्यात वयस्कर टिटा लोर्ना. टिटा म्हणजे त्यांच्याकडची मावशी. नाव मी बदललंय, तिच्या मुलाचंही, आणि ओळख पटेल असे तपशीलही. फिलिपिन्समधल्या एका बेटावरून तरुणपणी इथे आलेली. आधी लोकांची मुलं सांभाळली, मग रोला भागातल्या एका टेलरच्या दुकानात अबायांची, म्हणजे इथल्या बायकांच्या काळ्या झग्यांची, लांबी कमी-जास्त करायला लागली. स्वतःचा मुलगा आजीकडे ठेवून आलेली. त्यांच्या प्रार्थनासभेत तिला मोठा मान. कुणी नवी मुलगी घाबरलेली, रडवेली आली की तिला टिटा लोर्नाच्या शेजारी बसवत.

मुलाखतीसाठी शिफा तिला लॅबमध्येच घेऊन आली. ठेंगणी बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले. दारातच चपला काढल्या. फोमच्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "मॅम, लाइक एग ट्रे." खुर्चीत बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून मी माझी बॅग तिच्या पायाखाली सरकवली.

ती बोलायला लागली आणि मी काचेच्या अलीकडे बटणांवरचा हात काढून घेतला. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. काही आवाज असे असतात की माइक त्यांच्याकडे आपण होऊन वाकतो. खालचा, थोडा खरखरीत, मध्येच श्वास अडकणारा. ती तिच्या बेटाबद्दल बोलली, दुकानाबद्दल बोलली, इथल्या पहिल्या उन्हाळ्याबद्दल बोलली. मग शिफाच्या एका प्रश्नावर ती थांबली. स्क्रीनवर नुसतीच सपाट रेघ सरकत राहिली. आणि उत्तर म्हणून तिने गायला सुरुवात केली.

गाणं तिच्या भाषेतलं होतं. आम्हा दोघींना एक शब्द कळला नाही. चाल संथ होती, म्हणून प्रार्थना असावी असं वाटलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती एका शब्दावर येऊन थांबायची, जरा दम खायची आणि पुढे जायची. त्या बंद खोलीत मला एकदम पावलांना समुद्राचं पाणी लागल्यासारखं झालं; पायाखाली ओली वाळू आहे आणि ती हळूहळू सरकतेय. गाणं संपल्यावर ती बोलली. स्वतःच्या श्रद्धेबद्दल बोलली, अगदी खरं. ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्यात कुणाची निंदा नव्हती आणि असं बोलायला फार धीर लागतो.

शिफा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "आंटी, धिस इज माय थिसिस," ती म्हणाली.

पुढचे काही आठवडे ती रोज यायची. मुलाखत शब्दशः लिहून काढायची तर तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. गाणं भाषांतराला द्यायचं होतं, म्हणून त्यातले उच्चार तरी नीट लिहावेत असा तिचा प्रयत्न चालला होता. ती हेडफोन लावून डोळे मिटून बसायची आणि ओठ हलत असायचे. आपण गातोय हे तिला कळत नसे. गाईड मॅडमनी कच्चं प्रकरण वाचलं आणि म्हणाल्या, असं मटेरियल विद्यार्थ्याच्या हाती सहसा लागत नाही. पीएचडीची दारं उघडतील.

आणि मग टिटा लोर्नाचा फोन आला. शिफाला दुकानात बोलावलं होतं. एकटीने जायला तिचा धीर होईना, म्हणून मीही गेले.

दुकान अरुंद होतं. छतापर्यंत काळ्या कापडाचे तागे. टिटा लोर्नाच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून तिने उशीला टोचल्या आणि मगच बोलली. "डॉटर, दॅट टॉक... टेक इट आउट."

शिफा म्हणाली, "टिटा, मी नाव बदललंय. कुणालाही कळणार नाही."

"आमच्यात कितीशा म्हाताऱ्या आहेत?" ती शांतपणे म्हणाली. "दुकान लिहिलंस, बेट लिहिलंस. वाचणाऱ्याला कळेल. मग ज्या मुली माझ्या शेजारी येऊन बसतात, त्या कुठे बसतील?"

"फक्त तेवढं शेवटचं काढू? बाकीचं राहू दे?"

तिने शिफाचा हात हातात घेतला. "ऑल, डॉटर. सगळं. मला पुन्हा झोप लागू दे."

आमच्याकडचा नियम साधा आहे. ज्याची मुलाखत घेतली त्याने थिसिस सबमिट होण्याआधी कधीही नको म्हटलं, तर ती काढून टाकायची. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. नियम मला पाठ होता. पण तो अशा आवाजावर चालवायची वेळ कधी आली नव्हती. परतताना गाडीत शिफा म्हणाली, "आंटी, शी ट्रस्टेड मी. आणि मी तिथे उभी राहून घासाघीस करत होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लॅबमध्ये बसलो. रेकॉर्डरच्या कार्डावरून काढलं, सर्व्हरवरून काढलं, बॅकअपवाल्याला बोलावून तिथूनही काढलं. शिफाने आपल्या लॅपटॉपवरचा लिहिलेला मजकूर काढला, प्रकरण काढलं. शेवटची फाइल माझ्या कॉम्प्युटरवर होती. माझ्याच्याने बटण दाबवेना. मी हेडफोन तिच्यापुढे केला. "एकदा ऐकतेस?"

तिने तो हातात घेतला, त्याची वायर बोटाला गुंडाळली, सोडली आणि हेडफोन परत टेबलावर ठेवला. "नो, आंटी. तिने नको म्हटलंय ना."

मग तिनेच बटण दाबलं. स्क्रीनवरचे ढग गेले. इतकी वर्षं मी आवाज पुसत आले, पण त्या दिवशी घरी गेल्यावर आमच्या ह्यांनी दोनदा हाक मारली तरी मला ऐकू आली नाही.

थिसिस उभा राहिला, पण मधून हाड काढल्यासारखा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "ज्येष्ठ स्त्रियांचा अनुभव इथे फारच त्रोटक आहे." गाईड मॅडम खाली बघत होत्या. शिफा म्हणाली, "येस सर, दॅट इज अ लिमिटेशन." ती पास झाली, मार्क बेताचे पडले. ज्या पीएचडीच्या जागेवर तिची आशा होती, ती दुसऱ्या कुणाला मिळाली. ती वडिलांच्या ऑफिसात बसू लागली. वडील खूश. मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "अल्लाने ऐकलं." मला मात्र संध्याकाळी समोरच्या खाडीच्या, खालिद लगूनच्या, कडेने एकटी फिरणारी शिफा दिसायची आणि हाक मारायचं धाडस व्हायचं नाही.

टिटा लोर्ना कायमची तिच्या बेटावर परत गेली. वर्षभराने डॅनियलचा अमेरिकेतून शिफाला मेसेज आला, की ती वारली. त्याला तिकडच्या प्रार्थनासभेतून कळलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, माझ्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात, रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, एक माणूस आलाय. अपॉइंटमेंट नाही. म्हणतो, माझ्या आईचा आवाज इथे आहे."

तो टिटा लोर्नाचा मुलगा, नोएल. अबुधाबीच्या मुसफ्फा भागातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये नुकताच वेल्डर म्हणून लागला होता. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातांवर जुन्या भाजल्याचे ठिपके. खुर्चीच्या अगदी कडेला बसून तो इंग्लिशमध्ये म्हणाला, "मॅम, आई जायच्या आधी म्हणाली, शारजातल्या या युनिव्हर्सिटीत एका मुलीसमोर मी ते गाणं पूर्ण म्हटलं होतं. मी लहान असताना ती ते म्हणायची. ती इथे आल्यावर फोनवर कधी म्हटलं नाही. म्हणायची, रडू येतं, मिनिटं वाया जातात. माझ्याकडे तिचे व्हॉइस मेसेज आहेत, पण त्यात नुसतं जेवलास का, झोपलास का. गाणं नाही. मला चाल अर्धीच आठवते. आता माझ्या बायकोला दिवस गेलेत."

मी त्याला पाणी दिलं. आवाज नाही हे सांगितलं. तिनेच काढायला सांगितला होता हेही सांगितलं. तो मान हलवत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी शिफाला फोन केला. ती हमरियाहून थेट आली, ऑफिसच्या कपड्यांत. त्याला बघून दारातच थबकली. मग मला बाजूला घेऊन कुजबुजली, "आंटी, गाणं मला येतं. सगळं. पण तिने ऑल म्हटलं होतं. चालेल का?"

मी विचार केला. नियमात याचं उत्तर नव्हतं. "बोलणं तिने तुला दिलं होतं, ते तिने परत घेतलं," मी म्हटलं. "गाणं आपल्याआधी त्याचं होतं. मला तरी असं वाटतं."

शिफा काचेपलीकडे टिटा लोर्नाच्याच खुर्चीत बसली. नोएल तिच्यासमोर स्टुलावर. मी माइक बंद ठेवला आणि मधलं दार उघडं. तिने डोळे मिटले आणि सुरू केलं. तिचा गळा काही गाण्याचा नाही. पण ती टिटा लोर्नासारखीच दमाने जात होती, त्याच जागी श्वास घेत होती. नोएल पुढे वाकला. एका शब्दाला त्याने कपाळाला आठी घातली, ओठांनी तो दुरुस्त केला. पहिलं कडवं संपलं आणि शिफा त्या शेवटच्या शब्दावर येऊन थांबली. "दोदों."

"दोदोंग," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

शिफा घाबरून थांबली. "सॉरी, माझं चुकलं का?"

"नाही. दोदोंग म्हणजे मी." आपल्याकडे बाळ्या म्हणतात तसं ते, घरात लहान मुलाला मारायची हाक. "हे चर्चचं गाणं नाही, मॅम. बाप होडी घेऊन समुद्रात गेलाय, उशीर होईल, तू जागा राहू नकोस, दोदोंग, असं आहे. आमच्या बेटावर सगळ्या आया म्हणतात."

मग ती दोघं मिळून गायली. ती चुकीचे शब्द पुरवत होती आणि तो ते बरोबर करून घेत होता. तिसऱ्या कडव्याला तो तिच्या पुढे गेला. आपल्याला ते येत होतं याचं त्यालाच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

शांत झाल्यावर त्याने विचारलं, "आणखी काय बोलली ती?"

मला वाटलं, आता शिफा डगमगेल. ती म्हणाली, "तुझ्याबद्दल बोलली. तुझ्या आजीबद्दल, दुकानाबद्दल. आणखीही बोलली. पण ते तिने परत घेतलं, नोएल. ते माझ्याकडे सांगण्यासाठी नाही."

तो स्टुलावरून उठला. "ओके," तो म्हणाला. "देन इट इज हर्स."

शिफाने त्या वर्षी पुन्हा पीएचडीचे अर्ज केले. वडिलांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण तेच तिला विमानतळावर सोडायला गेले. आता ती परदेशात मॉर्मन बायकांच्याच मुलाखती घेते, आणि प्रत्येकीला सुरुवातीलाच सांगते की दिलेलं परत मागता येतं. ते तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात कुठेही खंत नव्हती; मला असलं ऐकायची सवयच आहे, म्हणून मी ती शोधली.

पण मला सांगायचं आहे ते नोएल आला त्या दिवसाचं. लॅब बंद करून आम्ही तिघं शिफाच्या गाडीत बसलो. नोएलला बस स्टेशनवर सोडायचं होतं. तो पुढे, मी मागच्या सीटवर. संध्याकाळचं मऊ ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं, लगूनचं पाणी गुलाबी झालं होतं आणि पुढे धडा चालू होता. "दोदों," शिफा म्हणायची. "नो, नो. दोदोंग. नाकातून," तो म्हणायचा आणि हसायचा. इंडिकेटर टिकटिकत होता, एसी घरघरत होता, बाहेर कुणी अरबीत कुणाला तरी ओरडत होतं. मी डोळे मिटून घेतले आणि त्यातलं काहीच वेगळं काढलं नाही. सिग्नल हिरवा झाला होता बहुतेक, कारण मागून हॉर्न सुरू झाले. शिफाला पत्ताच नव्हता. ती शब्द नाकातून काढण्यात गुंतली होती.

"यल्ला, शिफा," मी म्हटलं. "गाडी चालव."